घरचं मैदान : महिला कबड्डी आणि तिचे पाठीराखे

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक पहिल्यांदाच जिंकला. स्टेडियम खचाखच भरलेलं होतं. याच मैदानावर २०२२च्या फेब्रुवारीत महिलांच्या आशियाई फुटबॉल चषकाची अंतिम लढत झाली, त्याच वर्षी ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाची, आणि मार्च २०२३मध्ये महिला प्रीमियर लीग क्रिकेटचा पहिलावहिला सामना. बायकांच्या खेळाला तिकीट काढून गर्दी करणारं शहर म्हणून नवी मुंबईचं नाव आता घेतलं जातं, आणि ते रास्तच आहे.

खाडी ओलांडून उरणच्या दिशेने गेलं की दुसरं चित्र दिसतं. आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचा विभागीय सामना असतो कामाच्या दिवशी, सकाळी दहा-साडेदहाला. मैदानात चौदा मुली आणि पंच, गुणलेखकाच्या टेबलाशी दोघं-तिघं, कडेला पात्रता अर्जांची फाइल काखोटीला मारलेले क्रीडासंचालक, आणि पुढच्या सामन्याची वाट पाहत गुडघ्यांना पट्ट्या गुंडाळणारे संघ. निव्वळ सामना बघायला आलेला माणूस शोधावा लागतो. ज्या महाविद्यालयाच्या नावाचा टी-शर्ट घालून पोरी खेळतात, तिथले त्यांचे वर्गमित्र त्या वेळी तासाला बसलेले असतात, नाहीतर कँटीनमध्ये मोबाइलवर भलताच सामना बघत असतात. त्यातलीच एखादी चढाईपटू आठवड्याभराने एखाद्या गावच्या स्पर्धेत आपल्या मंडळाकडून उतरते, तेव्हा मात्र दोरीच्या कडेला पाय ठेवायला जागा नसते.

मुलगी तीच, चढाई तीच, तिचा बोनस टिपणारा पायही तोच. मग एकीकडे शुकशुकाट आणि दुसरीकडे झुंबड का? या संग्रहातले सगळे लेख या ना त्या वाटेने याच प्रश्नाशी येतात. महिला कबड्डीवर मराठीत जे काही लिहिलं गेलं ते बहुतेक खेळाडूंवर, प्रशिक्षकांवर, पुरस्कारांवर आणि निकालांवर. दोरीपलीकडे उभ्या असलेल्या माणसाकडे कुणी वळून पाहिलं नाही. क्रिकेटच्या प्रेक्षकावर पुस्तकंच्या पुस्तकं निघाली. कबड्डीचा प्रेक्षक ‘उपस्थितांनी टाळ्यांचा कडकडाट केला’ या एका वाक्यात आटोपला.

संग्रहाचा मुक्काम जासईत आहे, आणि त्याला कारण आहे. उरण तालुक्यातलं हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांचं गाव म्हणून आणि जानेवारी १९८४च्या आंदोलनामुळे. सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले, १६ आणि १७ जानेवारीला दास्तान फाटा आणि पागोटे इथे गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना त्या लढ्यातून आली. जमिनीची ही हकिगत खेळाच्या पुस्तकात कशाला, असं वाटेल. पण या पट्ट्यातली कबड्डी वाढली ती भातशेतीच्या वेळापत्रकावर. भात कापून झालं की शेतं मोकळी व्हायची, एखादा खाचर सपाट करून, पाणी मारून, चोपून घ्यायचा, फक्कीने रेषा आखायच्या, बांबूला दिवे बांधायचे, की मैदान तयार. पावसाळ्यापर्यंत वापरा. १९८९मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झालं, मागोमाग कंटेनर यार्ड आली, आणि मोकळं खाचर ही गोष्टच दुर्मीळ होत गेली. आज जासईच्या एका अंगाला बंदराकडे निघालेल्या ट्रेलरांची रांग असते आणि जवळच चिर्ल्याला अटल सेतू जमिनीवर उतरतो. स्पर्धा अजून होतात, पण शाळेच्या पटांगणात, देवळासमोर, नाहीतर अजून बांधकाम न झालेल्या एखाद्या भूखंडावर.

अशा स्पर्धेची रात्र जवळून पाहण्यासारखी असते. महिलांचे सामने बहुधा आधी लावतात, कारण बाहेरगावच्या मुलींना वेळेत परतायचं असतं. पूर्वी मुंबईचा संघ भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोऱ्याला यायचा किंवा पनवेलकडून रस्त्याने. १२ जानेवारी २०२४पासून उरणपर्यंत लोकल धावू लागली, तेव्हापासून मुली पिशव्या खांद्याला लावून गाडीनेही येतात. माइकवरचा माणूस संघांची नावं पुकारतो, देणगीदारांची नावं त्याहून मोठ्याने पुकारतो. म्हाताऱ्या बाया ओट्यावर, पोरंटोरं दोरीला चिकटून, तरुण मंडळी गच्चीवर. सामना रंगात आला की कुणी तरी आयोजकाच्या कानाशी लागतं आणि माइकवर जाहीर होतं, पुढच्या पकडीला अमक्याकडून पाचशे एक रुपये.

मग तिसरी चढाई येते. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाई करणारीच बाद. समोर बचावात तिघीच उरलेल्या. तिघींनी पकड केली तर ती अव्वल पकड, म्हणजे एकाऐवजी दोन गुण. कसलेल्या प्रेक्षकाला हे सगळं गणित तोंडपाठ असतं. चढाई करणारी मध्यरेषा ओलांडते, डावीकडे झुकते, उजवा पाय मागे ठेवते, आणि तिची नजर मधल्या मुलीवर असली तरी ओट्यावरची एखादी आजी ओरडते, “कोपऱ्यातली बघ गं!” कोपरारक्षक त्याच क्षणी खाली बसून घोटा धरते. उरलेल्या दोघी अंगावर पडतात. शिट्टी वाजते. आजीला ते कळलं होतं. टीव्हीवर समालोचन करणाऱ्यालाही कदाचित पुनर्प्रक्षेपण पाहूनच कळलं असतं.

ही आजी कुठून आली हे समजून घ्यायचं तर महिला कबड्डीचा प्रवास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो. कबड्डीच्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धा १९५२मध्ये मद्रासला सुरू झाल्या, महिलांच्या १९५५मध्ये कलकत्त्याला. तीन वर्षांचं अंतर, एवढंच. ज्या काळात मुलीने सायकल चालवली तरी चर्चा व्हायची, त्या काळात हा खेळ मुलींच्या हाती लवकर आला. एकतर त्याला काही लागत नव्हतं, ना चेंडू, ना जाळी, ना बूट. दुसरं, संघटक खंबीर होते. बुवा साळवींचं नाव यात पहिलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. पहिली काही दशकं राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राच्या मुलींचा दबदबा होता. सत्तरच्या दशकात अर्जुन पुरस्कारापर्यंत पोहोचलेल्या पुण्याच्या शकुंतला खटावकर त्या पिढीच्या.

खेळाचा दुसरा गड होता गिरणगाव. परळ, लालबाग, प्रभादेवी, लोअर परळ या भागांत चाळीचा चौक हेच मैदान आणि गॅलरी हाच स्टँड. मुलींचे संघ याच चाळींतून उभे राहिले. शिवशक्ती महिला संघ, डॉ. शिरोडकर स्पोर्ट्स क्लब ही नावं वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर वर्षानुवर्षं दिसत आली. पाठीराखा इथे चाळीचा होता. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला, गिरण्या बंद पडल्या, कुटुंबं कल्याण-विरार-पनवेलकडे पांगली. संघ टिकले, गॅलऱ्या गेल्या. टॉवरच्या तेविसाव्या मजल्यावरून चढाई दिसत नाही.

सोनाली शिंगटे याच मातीतली. लोअर परळची मुलगी, महर्षी दयानंद महाविद्यालयात शिकलेली, शिवशक्तीत घडलेली, २०१८च्या आशियाई स्पर्धेत भारताकडून खेळलेली आणि पश्चिम रेल्वेत नोकरीला लागलेली. तिच्या वाटचालीत महाविद्यालय आहे, पण तिच्यामागे उभं राहणारं माणूस बहुधा शिवशक्तीचं असतं किंवा गल्लीतलं. हे एकटीचं उदाहरण नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक चांगल्या महिला खेळाडूंची घडण क्लबमध्ये झाली आणि महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला, प्रमाणपत्र दिलं, हजेरीत सवलत दिली. पुण्याचं राजमाता जिजाऊ, उपनगरचं महात्मा गांधी, दादरचं अमरहिंद अशा नावांभोवती जी माणसं जमतात ती कोणत्याच महाविद्यालयाभोवती जमलेली नाहीत.

रेल्वेने यात आणखी एक तिढा घातला. नोकरी देणारा संघ म्हणून भारतीय रेल्वेकडे देशभरच्या उत्तम खेळाडू गेल्या आणि महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेवर रेल्वेची हुकमत बसली. त्यामुळे महाराष्ट्राच्या पाठीराख्यापुढे अनेकदा पेच उभा राहतो. सामना महाराष्ट्र विरुद्ध रेल्वे, आणि रेल्वेकडून चढाईला येणारी पोर आपल्याच गल्लीतली. टाळी कुणासाठी? गावची माणसं हा पेच सहज सोडवतात: पोरीने गुण घ्यावा, महाराष्ट्राने सामना घ्यावा. दोन्ही एकदम झालं नाही तर पोर आधी. ही निष्ठा राज्याच्या किंवा संस्थेच्या नावापेक्षा ओळखीवर उभी असते, आणि महिला कबड्डीत ती फारच घट्ट आहे.

तिचं टोकाचं रूप २४ ऑगस्ट २०१८ला जकार्तात पाहायला मिळालं. आशियाई स्पर्धेत महिला कबड्डी आली २०१०मध्ये, ग्वांगझूला. तेव्हा आणि २०१४ला इंचॉनमध्ये सुवर्ण भारताकडेच होतं. जकार्तात अंतिम फेरीत इराणने भारताला २७-२४ असं हरवलं, आणि इराणच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. फारसी शिकून, मुलींना योग आणि प्राणायाम शिकवून त्यांनी तो संघ बांधला होता. त्या संध्याकाळी हळहळ आणि अभिमान या दोहोंतून निवड करायची वेळ नाशिककरांवर आली. काहींनी निवड केली नाही, दोन्ही ठेवून घेतलं. पुढे ऑक्टोबर २०२३मध्ये हांगझोऊत भारताने चिनी तैपेईला २६-२५ असं एका गुणाने हरवून सुवर्ण परत आणलं. त्या स्पर्धेतलं भारताचं ते शंभरावं पदक. नोव्हेंबर २०२५मध्ये ढाक्यात महिलांचा विश्वचषकही पुन्हा चिनी तैपेईलाच ३५-२८ असं हरवून जिंकला. क्रिकेटच्या विश्वचषकाला महिनाही झाला नव्हता. एका विजयावर पानंच्या पानं आली, दुसऱ्याला चौकट मिळाली.

दूरचित्रवाणीचं प्रकरण थोडक्यात सांगता येईल, कारण महिलांच्या बाबतीत ते थोडकंच आहे. २६ जुलै २०१४ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये यू मुंबा आणि जयपूरच्या सामन्याने प्रो कबड्डी सुरू झाली आणि पुरुषांचा खेळ एका रात्रीत दिवाणखान्यात पोहोचला. २०१६मध्ये मुलींसाठी तीन संघांची एक स्पर्धा तिला जोडून झाली. त्यातल्या आइस दिवाजची कर्णधार होती महाराष्ट्राची अभिलाषा म्हात्रे, २०१२च्या पाटण्याच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेली आणि २०१५ची अर्जुन पुरस्कार विजेती. अंतिम सामना स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्सवर २४-२३ असा जिंकला. याहून चुरशीचा सामना मागूनही मिळाला नसता. तरी पुढच्या वर्षी स्पर्धा झाली नाही. ‘प्रेक्षक नाहीत’ हे कारण अशा वेळी नेहमी पुढे केलं जातं. संग्रहातल्या काही लेखांचा रोख याच कारणाला आव्हान देण्याकडे आहे. ज्या संघांना गाव नाही, गल्ली नाही, तीनच संघ आणि तिन्हींची नावं जाहिरात कंपनीत बसून ठेवल्यासारखी, त्यांच्या बाजूने कुणी का ओरडावं?

इथे बास्केटबॉलकडे वळणं भाग आहे, कारण महाविद्यालयीन मुलींच्या संघामागे अख्खं राज्य उभं राहिल्याचं जगातलं सगळ्यात ठळक उदाहरण त्या खेळात आहे. जेम्स नेस्मिथने १८९१च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डला हा खेळ शोधला. पुढच्याच वर्षी जवळच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकवायला घेतला. मार्च १८९३मध्ये तिथे दोन वर्गांत पहिला जाहीर सामना झाला तेव्हा पुरुषांना आत सोडलं नव्हतं. म्हणजे मुलींच्या बास्केटबॉलचा हा पहिला प्रेक्षकवर्ग पूर्णपणे बायकांचा होता, आणि वर्णनांवरून तरी तो फारसा गुपचूप बसलेला नव्हता. १९७२मध्ये शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा कायदा अमेरिकेत झाला. त्याच वर्षी महिलांची पहिली राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा इमॅक्युलाटा या छोट्या कॅथलिक कॉलेजने जिंकली. पैसे नसल्याने अकरापैकी आठच मुली विमानाने जाऊ शकल्या. त्यांचे पाठीराखे कोण, तर कॉलेजच्या नन. पत्र्याच्या बादल्या काठ्यांनी बडवत त्या मैदान दणाणून सोडत. आपल्या ढोल-ताशाच्या पथकाने त्यांना हसून जागा करून दिली असती.

आणि मग आयोवा. २०२४च्या एप्रिलमध्ये महिलांच्या राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेची अंतिम लढत साउथ कॅरोलायनाने आयोवाला ८७-७५ असं हरवून जिंकली, आणि अमेरिकेत ती सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिली. पुरुषांची अंतिम लढत १ कोटी ४८ लाखांनी. कौतुक झालं ते आयोवाच्या कॅटलिन क्लार्कचं, आणि ती कौतुकाला पात्रच होती. त्याआधीच्या ऑक्टोबरात आयोवाच्या मुलींनी फुटबॉलच्या स्टेडियममध्ये एक सरावाचा सामना खेळला, त्याला ५५,६४६ लोक आले. या गर्दीचं मूळ क्लार्कच्या जन्माआधीचं आहे. शेतीप्रधान आयोवात १९२०पासून शाळकरी मुलींची राज्य स्पर्धा होत असे. सहा जणींचा संघ, तिघी एका अर्ध्यात, तिघी दुसऱ्यात, अशा जुन्या नियमांनी तो खेळ १९९३पर्यंत चालला. गावागावांतून माणसं त्या स्पर्धेला लोटत. क्लार्कच्या सामन्यांना आलेल्या कित्येक आज्या स्वतः हा सहा जणींचा खेळ खेळलेल्या होत्या. ओट्यावरून कोपरारक्षकेला सावध करणारी उरणची आजी त्यांच्याच गोत्रातली.

मात्र आयोवात जे घडलं आणि उरणमध्ये घडलं नाही, त्यात एक साधा, व्यवस्थेचा फरक आहे. अमेरिकेतला महाविद्यालयीन संघ हंगामात पंधराएक सामने स्वतःच्या आवारात खेळतो. तारखा आधी ठरलेल्या असतात, तिकिटं असतात, गावकऱ्यांच्या बसायच्या जागा ठरून गेलेल्या असतात. राष्ट्रीय स्पर्धेतही पहिल्या सोळा मानांकित संघांना सुरुवातीच्या दोन फेऱ्या घरच्या मैदानावर मिळतात. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीची, एका यजमान महाविद्यालयात दोन-तीन दिवसांत उरकायची. हरलात की घरी. फुंड्याच्या वीर वाजेकर महाविद्यालयाचा किंवा उरणच्या कोकण ज्ञानपीठाचा संघ वर्षभरात आपल्या मुलांसमोर किती वेळा खेळेल? यजमानपद आलं तर एखादा दिवस, नाहीतर एकदाही नाही. पुढे मुंबई विद्यापीठाचा संघ निवडला जातो, तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला कुठल्या तरी दुसऱ्या राज्यात जातो, किंवा राज्याच्या ‘अश्वमेध’ महोत्सवात खेळतो. जिथे संघ आहे तिथे त्याचा माणूस नाही आणि जिथे माणूस आहे तिथे सामना नाही. अशा रचनेत गर्दी झाली असती तर ते आश्चर्य ठरलं असतं.

गावाच्या मंडळाकडे नेमकं हेच आहे: घरचं मैदान. वर्षातून एकदा का होईना, संघ आपल्या लोकांसमोर उतरतो, आणि तीच मुलगी पंधरा-पंधरा वर्षं दिसत राहते. आठवीत असताना पहिल्यांदा चढाईला गेलेली पोर प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत कर्णधार होते. महाविद्यालय तिला तीन वर्षं पाहतं, त्यातही वेळापत्रक बघून. या संग्रहाचा सगळ्यात ठाम दावा असा की, महाविद्यालयीन महिला संघांना प्रेक्षक मिळत नाहीत याचा दोष विद्यार्थ्यांच्या उदासीनतेला देणं सोपं असलं तरी चुकीचं आहे. चार शेजारच्या महाविद्यालयांनी आपसांत साखळी सामने घ्यावेत, आलटूनपालटून, प्रत्येकाच्या आवारात, संध्याकाळी पाच वाजता. वाशी, पनवेल, उरण, फुंडे ही केंद्रं एकमेकांपासून तास-दीड तासाच्या अंतरावर आहेत. खर्च मॅटचा आणि पंचांच्या मानधनाचा. हा प्रस्ताव नवा नाही, पण तो करून पाहिला गेलेला नाही.

महाराष्ट्रातल्या बास्केटबॉलचा अनुभवही हेच सुचवतो. मुंबईत नागपाड्याच्या मस्तान वायएमसीए कोर्टाभोवती वस्तीच वस्ती आहे, म्हणून तिथल्या संघाला प्रेक्षक कधी कमी पडले नाहीत. ती वस्ती मुख्यतः पुरुषांच्या संघामागे उभी राहिली, हेही खरंच. मुलींच्या बाबतीत पुण्याची शिरीन लिमये हे नाव क्रीडारसिकांना माहीत आहे. ती ज्या भारतीय संघात होती त्याने २०१७मध्ये बंगळुरूत कझाकस्तानला ७५-७३ असं हरवून आशिया चषकाचा ‘ब’ गट जिंकला. दोन गुणांचा फरक, घरची भूमी, असा सामना. पुण्याच्या किती महाविद्यालयांत दुसऱ्या दिवशी त्याची चर्चा झाली असेल, याचा अंदाज वाचकाने आपल्या महाविद्यालयाच्या दिवसांवरून बांधावा.

गावच्या प्रेक्षकाला डोक्यावर घ्यायचं नाही, हे पथ्यही लेखांनी पाळलं आहे. मैदानाकडेची सगळीच तोंडं पाठिंब्याला उघडत नाहीत. मुलींच्या शॉर्ट्सवर शेरे मारणारं टोळकं असतं, हरलेल्या संघाच्या पोरीला नावाने चिडवणारे असतात. कपडे बदलायला धड खोली नसते. शाळेचा एखादा वर्ग उघडून दिला तर नशीब. सामना लांबला की घरून फोन सुरू होतात. गावाची माया लग्नापर्यंतच पुरते, हा अनुभव तर इतक्या खेळाडूंच्या वाट्याला आला आहे की तो टाळून पाठीराख्यांवर लिहिणं अप्रामाणिक ठरलं असतं. पाचशे एक रुपये जाहीर करणाऱ्याने त्याच मुलीला तेविसाव्या वर्षी ‘आता पुरे की’ असंही सुनावलेलं असतं. दुसरीकडे, मुलीला कडेवर घेऊन नवऱ्यासह मैदानावर येणारी खेळाडू आणि तिचं बाळ सांभाळत टाळ्या वाजवणारी सासू हेही दृश्य आता नवलाचं राहिलेलं नाही.

नव्या प्रेक्षकाचा विचार केल्याशिवाय हे पुस्तक पुरं झालं नसतं. हल्ली जिल्हा पातळीवरच्या स्पर्धाही यूट्यूबवर थेट दिसतात. मुंबईत नोकरी करणारा भाऊ, गुजरातेत दिलेली बहीण, आखातात कामाला गेलेला काका, सगळे एकाच वेळी पाहतात आणि खाली शेरे लिहितात. हा प्रेक्षक दोरीपाशी नाही, पण त्याचं नातं गल्लीवाल्यासारखंच आहे. आयोजकांना त्याची किंमत कळली आहे. कॅमेऱ्यासाठी वेगळा मांडव घालतात. याने मैदानावरची गर्दी वाढली की घटली, यावर लेखकांत एकमत नाही, आणि संपादनात ते जुळवण्याचा प्रयत्न केलेला नाही. दोन लेख एकमेकांना सरळ खोडून काढतात. दोन्ही वाचावेत.

पुस्तक कुठवर जात नाही तेही सांगून टाकायला हवं. खो-खोच्या मुलींचा प्रेक्षक, विशेषतः धाराशिव-सांगली-पुण्याकडचा, हा स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे. इथे त्याला हात लावलेला नाही. विदर्भातल्या कबड्डीला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मोठी परंपरा आहे, ती दोन लेखांत ओझरती येते. खेळाचे डावपेच शिकवण्याचा हेतू नाही, तरी नवख्या वाचकाने एवढं लक्षात ठेवावं: महिलांचं मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असतं, पुरुषांच्या मैदानापेक्षा लहान, डाव पंधरा-पंधरा मिनिटांचे, सातही जणी बाद झाल्या की लोण, त्याचे दोन गुण जादा. बोनस रेषा, निदान रेषा आणि कोपरा कुठे हे एकदा मैदानावर पाहून घेतलं की बाकीचं शेजारी उभा असलेला माणूस सांगतोच, न विचारता.

महाविद्यालयीन सामन्यांची तारीख कळायला जिमखान्याचा फलक किंवा क्रीडासंचालकांचा फोन हाच मार्ग आहे. वर्तमानपत्रात ती येईल या भरवशावर राहू नये. गावच्या स्पर्धांचे फ्लेक्स दिवाळीनंतर नाक्यानाक्यावर लागतात. जासईला जायचं असेल तर सामना संध्याकाळी सहाचा लिहिलेला असला तरी तो सातच्या आत सुरू होत नाही, पण महिलांचे सामने पहिले असतात, तेव्हा उशीर करू नये. आणि जागा घ्यायची ती मध्यरेषेपाशी घेऊ नये, तिथे पंचांची पाठच दिसते. कोपऱ्याच्या मागे, दोरीला लागून बसावं.